पुढच्या चाकांची कळ

अविनाशची जुनी जीप अविनाशनेच दुरुस्त केली, असं धामणगाव बढ्यात निदान पन्नास माणसं सांगतील. कारण त्या पन्नासांना त्यानंच तसं सांगितलं होतं. जीप त्याच्या आजोबांच्या वेळची. आठ वर्षं गोठ्यात पडलेली, कोंबड्या तिच्यात अंडी घालत. तिचं इंजिन उतरवलं, गिअर खोलले, पत्रा ठोकला तो भाऊराव मिस्त्रींनी. अविनाशनं काय केलं? रंग निवडला आणि फोटो काढले. फोटोपुरतं हाताला ग्रीस मात्र मनापासून फासलं, बरं का.

दिवाळीत सासरची मंडळी आली. मेहुणा गोकुळ म्हणाला, रस्त्यावर कोणीही चालवेल, नाल्यातून काढून दाखवा. अविनाशनं त्याला शेजारी बसवलं, भाऊरावांना मागं घेतलं आणि जीप थेट चिखलात घातली. मधोमध ती रुतली. त्यानं ऐटीत फोर-व्हीलचा दांडा ओढला. मागची चाकं गरगरली, पुढची ढिम्म. काठावरून त्याची लेक अर्पिता मोबाइलवर सगळं टिपत होती. गोकुळ हसला. झालं, अविनाशचं डोकं सटकलं. तो मागं वळला.

"बाकी सारं मी केलं, एवढं एक काम तुले देलं, तेही धड जमलं नाही काय बे?"

बापाच्या वयाच्या माणसाला बे! भाऊराव उठले. पायजमा खोचून गुडघाभर चिखलात उतरले आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली कळ हातानं फिरवली. एवढंच. ती फिरवल्याशिवाय पुढच्या चाकांना जोर मिळत नाही, हे त्यांनी अविनाशला तीनदा सांगितलं होतं. तीनदाही तो फोटोच बघत होता.

जीप एका झटक्यात काठावर आली. काय झालं होतं, असं अर्पितानं विचारलं.

"मीच सांगाचं इसरलो, बाई," भाऊराव म्हणाले.

अविनाशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता खरं सांगून टाकावं, असं फार फार वाटलं त्याला. तोंड उघडणार, तेवढ्यात गोकुळ म्हणाला, "भाऊजी, मिस्त्री बदलून टाका तुमी."

"हाव," अविनाशनं मान डोलावली.

हे आपल्या तोंडून गेलंच कसं? शरमेनं त्याचे कान तापले. मागं वळून बघायची छाती झाली नाही. आरशात दिसलं तेवढंच: नव्या सीटला चिखल लागू नये म्हणून भाऊराव खाली पोतं अंथरून बसत होते.