साहेब माझ्यावर ओरडत नाहीत

आता माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत आणि त्यांच्यावर ओरडायची मला सोय नाही. अधूनमधून एकेकाला समोर बसवून 'फीडबॅक' द्यायचा, तोही मऊ शब्दांत. बाहेर पडताना त्यांचे चेहरे असे असतात, की आपलं कौतुक झालं की खरडपट्टी निघाली, हे बिचाऱ्यांना घरी जाऊन विचारावं लागत असेल. अशा वेळी मला तोफेची फार आठवण येते.

तोफ म्हणजे माझे पहिले साहेब. पंखे बनवणाऱ्या एका अवाढव्य कंपनीत मी तक्रार विभागात लागले होते. गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं लिहायचं काम. लांबच लांब हॉल, डोक्यावर आमच्याच कंपनीचे पंखे, आणि तेही कुरकुरायचे. साहेब सकाळी उत्तरांचा गठ्ठा घेऊन मधोमध उभे राहायचे आणि एकेकाची बिनपाण्याने करायचे. "'आपल्या भावनांची आम्हाला कदर आहे'? अहो, भावना कुठून आल्या? बाईंचा पंखा बंद पडलाय!" सगळा हॉल मान खाली घालून हसायचा.

गंमत अशी, की ज्याच्यावर तोफ डागली जायची तोच पुढे जायचा. माझ्या शेजारचा चष्मिस रोज बोलणी खाता खाता उपप्रमुख झाला. मला मात्र साहेब एकच शब्द बोलायचे. "छान." कागद टेबलावर ठेवायचे आणि पुढे वळायचे. माझ्या मागून आलेली पोरंसुद्धा शिव्या खाऊन वर गेली आणि मी आपली तिथल्या तिथेच. त्या शिव्यांचा इतका हेवा वाटायचा मला! एकदा तर मी मुद्दाम पंख्याच्या तक्रारीला पाण्याच्या पंपाचं उत्तर लिहिलं. साहेबांनी ते गुपचूप दुरुस्त केलं. "होतं असं कधीकधी," म्हणाले.

पुढच्या बढत्या जाहीर झाल्या, त्यातही मी नव्हते. मग मात्र माझं डोकं फिरलं. तडक त्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, माझं काम वाईट आहे का?"

"नाही हो, छान आहे."

"मग माझ्यावर कधी ओरडत का नाही तुम्ही?"

साहेब कधी नव्हे ते शब्द शोधत म्हणाले, "तुमची मुलगी लहान आहे. पाळणाघर बंद व्हायच्या आत तुम्ही धावत सुटता, दिसतं ना मला खिडकीतून. म्हटलं, तुमच्या डोक्याला आणखी ताप कशाला? तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं करण्याआधी मला विचारायचं तरी!" माझा आवाज चढलाच होता. बाहेरचा सगळा हॉल कान देऊन बसला असणार.

चांगल्या मनाच्या माणसाने माझी इतकी वर्षं खाल्ली, याचा मला अजून राग येतो. आणि तरी त्या माणसाबद्दल मला अजून माया वाटते. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट माझ्या टेबलापाशी आले. "हे काय उत्तर आहे? चार ओळींचं काम आणि दोन पानं खरडलीत? गिऱ्हाईक वाचून संपवेपर्यंत पंखा गंजेल! संध्याकाळी थांबा. सगळी पुन्हा लिहा!" चष्मिस तोंड उघडं टाकून बघत राहिला. माझे कान तापले आणि हसू काही आवरेना. मी नवऱ्याला फोन करून पोरीला आणायला सांगितलं.

"मी?" तो म्हणाला. "पाळणाघर कुठल्या गल्लीत आहे?"

घरी पोहोचले तर पोरगी दारातच फुगून बसलेली. "तू का नाही आलीस?"

"साहेब ओरडले गं मला," मी म्हणाले. "खूप ओरडले." आणि दिवसभर आवरून धरलेलं रडू तिच्यासमोरच फुटलं. तिचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. फ्रॉकच्या टोकाने माझे डोळे पुसत ती म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. मी त्यांना सांगते, माझ्या आईला ओरडायचं नाही."

"नको गं बाई," मी घाईघाईने म्हणाले, "ओरडू दे त्यांना."