तळ्याच्या कामावरची कडूबाई

गावातल्या शाळेला साठ वर्षं झाली म्हणून एक पुस्तक काढायचं ठरलं. जुन्या माणसांनी पूर्वीच्या गावाच्या आठवणी सांगायच्या आणि शाळेतल्या मोहिनी म्याडमनी त्या लिहून घ्यायच्या. माजी सरपंच विठ्ठलराव पुस्तकाचं सगळं बघत होते.

भामाबाईची पाळी आली. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. तिनं एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना कशी तुटायची, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी बायका लेकरांसाठी पदरात कशी बांधून आणायच्या, आणि गावाबाहेरचं तळं उन्हातान्हात कसं बांधलं. मग म्हणाली, "म्याडम, आता हे नीट लिहा. त्या कामावर मुरुमाच्या खाणीची कड कोसळली अन् कडूबाई त्याच्याखाली मेली. तिचं नाव कुठंच न्हाई. पुस्तकात पायजे."

मोहिनीनं लिहिलं. विठ्ठलरावांनी ते पान वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्या वेळी त्यांचे वडील सरपंच होते. तळं त्यांनीच मंजूर करून आणलं, गाव अजून तसंच म्हणायचं. कोणी मेल्याचं विठ्ठलरावांनी घरात कधी ऐकलं नव्हतं. पण माणूस खोटा नव्हता. त्यांनी भामाबाईला निरोप धाडला, की छापील गोष्ट एकीच्या सांगण्यावर घालता येत नाही, डोळ्यांनी बघितलेलं दुसरं माणूस असेल तर बघू.

कामावरच्या त्या टोळीत अकरा बायका होत्या. भामाबाईनं बोटं मोजली. नऊ जणी वारल्या होत्या. दुसरी जिवंत एकच, भिवराबाई, ती चौसाळ्याला लेकीकडं राहत होती. सून म्हणाली, एवढ्या गुडघ्यांनी कुठं जाता? दिवाळीला लेक आला की तो नेईल. दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई काठी घेऊन फाट्यापर्यंत चालत गेली. मधे दोनदा दगडावर बसली. एसटीची पायरी चढवेना, तेव्हा कंडक्टरनं वरून हात दिला.

भिवराबाईला आता नीट दिसत नव्हतं. तिनं आवाजावरून ओळखलं आणि भामाबाईचा चेहरा हातानं चाचपला. चहा झाला, कोण गेलं कोण राहिलं ते झालं. मग भामाबाईनं कशासाठी आले ते सांगितलं. भिवराबाईनं तिचा हात धरला.

"मी काय सांगू, भामे? ती तुझ्या जागी होती, ते बी सांगू का?"

भामाबाईनं बशी खाली ठेवली. बावन्न वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं. त्या दिवशी कडेखाली पाट्या भरायचं काम भामाबाईचं होतं. तिला पाचवा महिना लागला होता, उन्हानं घेरी आली. कडूबाईनं तिच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि तिला बाभळीखाली बसवलं. पाणी पिऊन भामाबाईनं मान वर केली, तेवढ्यात कड खाली आली. ही गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली नव्हती. पोटातला लेक जन्मला, मोठा झाला, त्यालाही नाही.

"तू कड कोसळली तेवढं सांग," भामाबाई म्हणाली. "माझ्या जागी होती ते मी सांगते."

"आता कावून काढतीस? कुणी इचारलंय का?"

"अर्धं सांगायचं तर मग न्हाई सांगितलं तरी चालतंय."

नातीच्या फोनवरून भिवराबाई विठ्ठलरावांशी बोलली. साल सांगितलं, मुकादमाचं नाव सांगितलं, कडूबाईला बाजेवर घालून कोणत्या चौघांनी आणलं तेही सांगितलं. त्या चौघांत विठ्ठलरावांचे थोरले चुलते होते. विठ्ठलराव पान घालू म्हणाले.

भामाबाई एसटीतून उतरली ती घरी गेलीच नाही, आधी राधाकिशनच्या शेतातल्या आखाड्यावर गेली. राधाकिशन हा कडूबाईचा लेक. आई मेली तेव्हा दीड वर्षाचा होता, आता त्याचे केस पांढरे झालेले. तो म्हशीला कडबा तोडत होता. भामाबाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. फावडं, बाभळ, पाणी, काही सोडलं नाही. शेवटी म्हणाली, "हे पुस्तकात येणार हाय. लोकांनी वाचायच्या आधी तुला माझ्या तोंडून कळावं म्हणून आले."

राधाकिशननं तिच्याकडं बघितलं नाही. कडबा तोडत राहिला. ती थोडा वेळ थांबली आणि निघून आली.

आठ दिवस तो फिरकला नाही. रस्त्यात दिसला तरी खाली मान घालून गेला. कडूबाई आपल्या जागी होती, हेही भामाबाईनं मोहिनीला पानात लिहायला लावलं होतं. मोहिनीच्या मनात आलं, ते तेवढं वाक्य गाळावं का. तिनं हळूच विचारलं, "आजी, त्यांना वाईट वाटलं असेल. कडूबाईंचं नाव तर येतंयच ना?"

भामाबाईनं मान हलवली. कडूबाई मरायला गेली नव्हती, ती माझं काम करायला गेली होती, हे आलंच पाहिजे असं तिनं सांगितलं. मोहिनीकडून ते पान तिनं दोनदा वाचून घेतलं. 'अपघाती निधन' हे शब्द तिनं बदलायला लावले. "माझ्या जागी मेली, असं लिहा." मग खाली अंगठा उठवला. पुस्तकात अंगठा छापत नसतात, मोहिनीनं सांगितलं. तरी उठवला.

नवव्या दिवशी संध्याकाळी राधाकिशन आला. ओट्यावर तिच्यापासून हातभर लांब बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. भामाबाईनं ठरवलं, आता बोलेल ते ऐकून घ्यायचं, उलट काही बोलायचं नाही.

"मावशे," तो म्हणाला, "घरात तिचा फोटू न्हाई. बापानं कधी काय सांगितलं न्हाई. दिसायला कशी होती?"

भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"उंच होती," ती म्हणाली. "माझ्याहून ईतभर उंच. हनुवटीवर गोंदलेलं होतं, तीन ठिपके. लई फटाफटा चालायची. तिच्यासंगं चालताना आमाला पळावं लागायचं."

राधाकिशन थोडा जवळ सरकला.

"अन् अजून?"

"अजून हाय की," भामाबाई म्हणाली, आणि सांगत राहिली.