मी आणलेलं अर्धं पत्र

मी नीलकंठरावांचा ऑर्गनायझर बोलतोय. बोलतोय असं आपलं म्हणायचं. आयुष्यभर मला एका बारीक ‘टुंग’शिवाय आवाज नव्हता, आणि तोही बैठकीच्या पाच मिनिटं आधी आठवण करून देण्यापुरता. तळहाताएवढी चपटी वही समजा मला, फक्त कागद नसलेली. पाटीवरच्या पेन्सिलीसारखी एक प्लास्टिकची लेखणी माझ्या कुशीत असते. तिने काचेवर लिहायचं, मी ते जपून ठेवायचं. या कामात मी कधी कुचराई केली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२००५ साली मी झाशीला आलो. इलाइट चौराह्यावरच्या एका दुकानात मंदार काम करायचा, नीलकंठरावांचा पुतण्या. त्यानेच मला काकांच्या हातात दिलं. नीलकंठराव विम्याच्या नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर. आज टहरौलीला कुणाचा ट्रॅक्टर उलटला, उद्या आणखी कुठे गोदाम भिजलं, असं सारखं फिरणं. पूर्वी त्यांच्या खिशात चार डायऱ्या असत आणि लागणारी नेमकी पाचवी निघे. मी आल्यावर ते थांबलं.

घर सीपरी बाजारच्या मागे, दोन खोल्यांचं. घरात ते एकटेच. पत्नी अंबिकाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती मुलगी निवेदिता मागच्याच वर्षी लग्न होऊन रायपूरला गेली होती. तिथे ती एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची आणि दुपारच्या सुट्टीत तिथूनच बापाला ईमेल लिहायची. सासरचा फोन बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या कानांसमोर. त्यावर “कशी आहेस?” “बरी आहे” यापलीकडे काही होत नसे. म्हणून ही पत्रं.

पत्र आणायचं म्हणजे मला फोनची मदत लागे. माझ्या डोक्यावर एक काळा डोळा आहे, तसाच त्या काळच्या फोनलाही असे. दोन डोळे समोरासमोर, वीतभर अंतरावर आले की न दिसणाऱ्या उजेडातून आमचं बोलणं सुरू व्हायचं. मग फोन स्टार नाइंटी-नाइन हॅश असा काहीतरी नंबर फिरवायचा आणि मला इंटरनेटच्या दारापर्यंत सोडायचा. फोन हा प्राणी मला कधी आवडला नाही. भलताच बडबड्या, आणि जरा हलवलं की रुसून बसायचा. पण त्याच्यावाचून माझं पान हलत नव्हतं, हेही खरं.

दर रविवारी आंघोळ, पूजा झाली की नीलकंठराव एक रिकामा पाट मांडायचे. पाटाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला फोन. मध्ये हात आला, कागद आला, तरी बोलणं तुटायचं. मग ते शेजारी मांडी घालून अगदी गप्प बसायचे. दूधवाला बिल मागायला आत आला तर हात वर करून म्हणायचे, “भैया, बीच में से मत निकलना, बिटिया की चिट्ठी आ रही है.” दूधवालाही बिचारा भिंतीला चिकटून उभा राहायचा.

एकदा पत्र असं अडकलं की पाऊण तास गेला आणि हाती काही लागलं नाही. नीलकंठराव मला घेऊन मंदारकडे गेले. त्याने माझ्या पोटात काहीबाही फिरवलं आणि म्हणाला, “काका, इथे नेट फार धीमं आहे. मोठं पत्र आलं की अटकून जातं. आता मी सांगितलंय, पहिली पाचशे अक्षरंच उतरव. बाकीचं पाहिजे असेल तर खाली एक ओळ येते, तिच्यावर लेखणी टेकवा.” काकांनी हो हो केलं. त्यांना वाटलं, हे फोटोबिटो असलेल्या पत्रांसाठी असेल. आपल्या मुलीची पत्रं कसली मोठी?

खरंच, ती छोटीच असायची. एक सोडून.

इथे मला नीलकंठरावांची एक सवय सांगायला हवी. पत्र कसं लिहावं हे त्यांनी निवेदिताला लहानपणी पोस्टकार्ड समोर ठेवून शिकवलं होतं. आधी नमस्कार, मग खुशाली, मग इकडची हालहवाल आणि काम सगळ्यात शेवटी. “जो आधी काम लिहितो तो मतलबी,” असं ते म्हणत. घराण्याची रीतच होती ती, झाशीत आल्यापासूनची. मुलगी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, पण रीत मोडायची नाही. प्रत्येक पत्र तीर्थरूपांना साष्टांग नमस्काराने सुरू व्हायचं.

२००६ चा एप्रिल. नीलकंठराव एरचला गेले होते, वाळूत रुतून मोडलेल्या एका ट्रॅक्टरची पाहणी करायला. काम संपलं तेव्हा ऊन मी म्हणत होतं. बेतवा आटून पार पलीकडे सरकली होती आणि वाळूत खरबुजांचे वेल पसरले होते. त्या दिवशी रविवार नव्हता, पण त्यांना काय वाटलं कोण जाणे. स्कूटरच्या सीटवर त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर ठेवलं. उन्हात माझा डोळा दिपतो, म्हणून आमच्यावर छत्री धरली. स्वतः उन्हातच उभे राहिले.

पत्र आलं होतं. मला ते आजही पाठ आहे, म्हणजे माझ्याकडे आलं तेवढं. “तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवत जा. पोळ्यांना बाई मिळाली का? कूलरच्या जाळीतली खस बदलून घ्या, यंदा उन्हाळा कडक आहे.” मग सासूबाईंचे गुडघे, क्लासमधल्या मुली, शेजारच्यांच्या झाडाच्या कैऱ्या. आणि शेवटी, “आईसारखा गुळांबा करायला घेतला. पण तिच्या हाताची चव काही आली नाही.”

तिथे पाचशे अक्षरं संपली. एखादा शब्द मध्येच तुटला असता तर त्यांना नक्की कळलं असतं. पण माझं नशीब बघा, नेमका पूर्णविराम आला. खाली मी माझी ती ओळ दाखवली, अजून मजकूर बाकी आहे म्हणून. बारीक इंग्रजी अक्षरांत, आणि त्यांच्या अंगठ्याखाली. गावोगावच्या शेतकऱ्यांना हाच माणूस बजावून सांगायचा की पॉलिसीच्या खालची बारीक अक्षरं आधी वाचा. त्या दिवशी त्याने वाचली नाहीत. मुलीच्या पत्रात बारीक अक्षरं कोण शोधतं?

खाली नाव नाही हे मात्र त्यांच्या लक्षात आलं. “घाईत असेल पोरगी, नाव लिहायची राहिली,” असं स्वतःशीच म्हणून ते हसले. मग छत्रीखाली वाकून त्यांनी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. पत्र पोचलं, आनंद झाला. बेतवाकाठी उभं राहून वाचलं. खरबुजं फार गोड आहेत. गुळांब्यात गूळ कैरी शिजल्यावर घालावा, तुझी आई तसंच करायची. आणि शेवटी लग्न झालेल्या मुलीला प्रत्येक बाप लिहितो ते, “सगळ्यांना सांभाळून घे.”

मी ते उत्तर लगेच पोचवलं. एकदाही न अडकता.

त्यानंतर निवेदिताची पत्रं तीन-तीन ओळींची झाली. मग महिन्याला एक. नीलकंठराव म्हणायचे, संसारात रमली. २००९ साली त्यांनी नवा फोन घेतला, तो पत्रं स्वतःच आणायचा. मला बिस्किटांच्या डब्यात, माझ्या चार्जरसकट, टेबलाच्या खणात ठेवलं. डब्याला मऊ फडकं घातलं होतं, एवढं सांगतो.

खणातून दिसत नाही, पण ऐकू येतं, बॅटरी संपल्यावरही. दोन वर्षांनी एक दिवस नीलकंठराव मंदारला सांगत होते की निवूने रायपूर सोडलं, तीन वर्षांच्या लेकीला, तन्वीला घेऊन भोपाळला गेली, शाळेत नोकरीला लागली. त्यांचा आवाज फाटला होता. “इतकं सोसलं आणि बापाला एका शब्दाने कळवलं नाही रे. झाशीलाही आली नाही.” मंदारने म्हटलं, विचारा ना तिला. ते म्हणाले, “सांगायचं असतं तर सांगितलं असतं. जखमेवरची खपली कशाला काढू?”

त्यांनी विचारलं नाही. आणि बाबा विचारत नाहीत, म्हणजे त्यांना सगळं ठाऊकच आहे, असं तिने धरलं. चौदा वर्षं दोघं एकमेकांशी औषधं, हवा आणि रेल्वेची तिकिटं यांवर बोलत राहिले. मी खणात पडून होतो. त्या पत्राला शेपूट आहे हे या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मला फक्त ‘टुंग’ म्हणता येत होतं. बॅटरी संपल्यावर तेही नाही. माझ्या जातीतल्या पुष्कळांची आठवण बॅटरीबरोबर पुसली जाते. माझी पुसली जात नाही. कधी कधी वाटायचं, गेली असती तर बरं झालं असतं.

गेल्या हिवाळ्यात नीलकंठराव अंथरुणाला खिळले. निवेदिता रजा टाकून आली. तिने काही कमी केलं नाही. पथ्य, गोळ्या, अंग पुसणं, सगळं वेळच्या वेळी. पण तिचा आवाज पलंगापासून यायचा नाही, दाराजवळच्या खुर्चीवरून यायचा. एका संध्याकाळी त्यांनी तिला हाक मारली.

“निवू, माझ्याकडून तुझं काही राहिलं का गं?”

पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “नाही बाबा. गोळी घ्या.”

चौथ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर घर आवरायला घेतलं तेव्हा तन्वीने खण उघडला. ती आता सतरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. तिने डबा उघडून चार्जर लावला. माझी बॅटरी मेलेली आहे, तार जोडलेली असेल तोवरच माझी काच जागी. पण उठलो. तिने लेखणीने इकडे तिकडे टिचक्या मारल्या आणि आईला हाक मारली, की नानांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, तुझी सगळी पत्रं ठेवली आहेत.

निवेदिता आली, पण लांबच उभी राहिली. तिने विचारलं, एप्रिल २००६ चं आहे का? तन्वीने ते काढलं आणि अडखळत मोठ्याने वाचू लागली. खुशाली, खस, गुडघे, कैऱ्या, गुळांबा. आणि थांबली.

“पुढे वाच,” निवेदिता म्हणाली.

“आगे नहीं है, आई. नीचे लिखा है, बाकी मेसेज डाउनलोड नहीं हुआ.”

निवेदिताने मला हातात घेतलं. ती ओळ तिने वाचली, परत वाचली.  मग ती जमिनीवर बसली आणि उरलेलं पत्र बोलू लागली. एकोणीस वर्षांनी, एकही शब्द न चुकता.

“बाबा, आता कामाचं. यांनी परवा पुन्हा हात उचलला. पुन्हा म्हणतेय ते समजून घ्या. मला घरी यायचंय. नोकरी बघीन, तुमच्यावर भार होणार नाही. फोनवर हे बोलता येत नाही. तुम्हाला जमणार असेल तर न्यायला या. लोक काय म्हणतील म्हणून जमणार नसेल, तर या विषयावर काहीच लिहू नका. मी समजेन, आणि पुन्हा कधी विचारणार नाही. तुमची निवू.”

जे पत्र मी अर्धं आणलं, त्याचं उरलेलं अर्धं मला असं ऐकायला मिळालं. आणि मला एरचची ती दुपार आठवली. छत्री आमच्यावर धरून उन्हात उभा असलेला तो माणूस. हे वाचलं असतं तर तो ट्रॅक्टर तिथेच टाकून, त्याच स्कूटरने स्टेशन गाठून रायपूरला निघाला असता. मी त्याला ओळखत होतो. हे सांगायला मला तोंड असतं तर!

निवेदिता रडली. तन्वी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. किती वेळ, ते माझं घड्याळ बंद असल्याने सांगता येत नाही.

मग तिने लेखणी उचलली. पत्राच्या खाली उत्तराची चौकट उघडली आणि सावकाश लिहिलं: “बाबा, आधी काम लिहितेय, रागावू नका. तुम्ही मला नाही म्हणाला नव्हतात. हे मला आज कळलं. माझंच विचारायचं राहिलं. बाकी सर्व खुशाल. तुमची निवू.” नाव लिहायला ती विसरली नाही.

तिने ‘पाठवा’वर लेखणी टेकवली. मी माझ्या रीतीप्रमाणे सांगितलं की फोन समोर ठेवा. आजच्या फोनला तसा डोळा नसतो, आणि ज्या पत्त्यावर पत्र जायचं तो पत्ता उघडणारं कुणी उरलेलं नाही. हे तिला ठाऊक होतं. तीच तर मुलींना कॉम्प्युटर शिकवायची.

तरी ती उठली. कोनाड्यातला पाट काढून पुसला. एका टोकाला मला तारेसकट ठेवलं, दुसऱ्या टोकाला आपला फोन, वीतभर अंतरावर. शेजारी मांडी घालून बसली, हुबेहूब त्यांच्यासारखी.

माझी आता फारशी मागणी नाही. तार निघाली की मी झोपेन, ते ठीकच आहे. फक्त एवढ्यात काढू नका. तन्वी पाणी आणायला उठली, तेव्हा निवेदिताने हात वर केला आणि म्हणाली, “मधून जाऊ नकोस गं. बाबांना पत्र जातंय.”

आणि तन्वी भिंतीला लागून, लांबून गेली.