घोंगडीतलं पाणी

"ही गोष्ट कुणालाच पटायची न्हाई," धुळाजीनं आधीच बजावलं. "ज्याला पटंल त्यानं माझी एक मिशी कातरून न्यावी. लोकर कातरायची कातर हाय घरी, न्हाई म्हनायचो न्हाई."

चारा छावणीत दिवस कलला की माणसांना काम उरत नसे. गुरांपुढं उसाचं वाढं पडलेलं, टँकर अजून यायचा. सुग्रीव आणि बंकट धुळाजीच्या घोंगडीवर येऊन टेकले. पलीकडे त्याची बायको साखराबाई गाईच्या अंगावरचे गोचीड काढत होती, नजरेनं नव्हे, बोटांनी. नजर तिची कधीच गेली होती म्हटलं तरी चालेल.

धुळाजीनं त्या दोघांना काय सांगितलं ते येईलच पुढं. पण आधी घडलं काय, ते ऐकून ठेवलेलं बरं. कारण धुळाजीच्या तोंडून सरळ गोष्ट अशी कधी निघालीच नाही. त्याच्या कोकराला सुद्धा तीन शिंगं फुटायची.

झालं ते असं. दहा वर्षांमागं असाच दुष्काळ होता आणि गावच्या घोंगडी सोसायटीला बीडच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला. धुळाजी मागावर विणायचा. साखराबाई चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि कुंच्यानं घोंगडीला द्यायची. खळ बसली की घोंगडी ताठ होते, पावसाला आत घेत नाही. चाळीस वर्षं तो कुंचा तिच्या हातात होता. पण त्या साली दोन घोंगड्या परत आल्या. गळतात म्हणून.

सोसायटीचा सचिव बबनराव भला माणूस. तोंडावर बोलला नाही, धुळाजीला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, मावशीला दिसत न्हाई आता. जागा सुटतेत. प्रदर्शन होऊन जाऊ द्या, मग खळ दुसऱ्या बायांकडं देऊ."

धुळाजीनं हे घरी सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला सांगायला गोष्ट होती आणि तोंड उघडेना. साखराबाईला ते तिसऱ्याच दिवशी शेजारणीकडून कळलं. तिनं कुंचा धुऊन खुंटीला टांगला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

बबनराव तालुक्याला स्टॉलचं शिबिर करून आला होता. "स्टॉलपुढनं मानूस तीन पावलं टाकतं," तो सांगायचा. "तेवढ्यात थांबलं तर आपलं, न्हाई तर पुढच्याचं." त्यानं टेबल मांडलं, पांढरी चादर घातली, घोंगड्यांच्या घड्या पुस्तकासारख्या रचल्या, वर कागदी फुलांची माळ सोडली. माणसं आली, तीन पावलं टाकली आणि शेजारच्या पापडाकडे गेली. एकजण थांबला तो हसायला.

"थेंब न्हाई पान्याचा, आन् घोंगड्या कावून इकता बे? छत्र्याबी आणायच्या सोबत!"

बबनरावचा चेहरा उतरला. मागं पोत्यावर बसलेली साखराबाई तेव्हा उठली.

"बबनराव, घडी घातल्याली घोंगडी अन् मुकी सून सारखीच. गुण कसा कळंल? पाणी घालून दावा."

"पाणी? मावशी, एक घागर मिळालीय दिवसभराला. प्यायची."

"तीच वता. आन् घोंगडी माझ्या हातच्या खळीची घ्या. मी शेवटची केलीय ती." मग म्हणाली, "गळली तर समद्यांपुढं गळंल. न्हाई गळली तर कुंचा माझा."

धुळाजी मधी पडला. "साखरे, माझ्या मागावरची दुसरी बी हाय की..." पण ती ऐकणारी नव्हती. चार बांबू रोवले, चार कोपरे बांधले, मधी झोळ सोडला आणि घागर ओतली.

पाणी थांबलं. काळ्या लोकरीत ते इतकं निवांत पडलं, की वरचं आभाळ त्यात उतरलं. दोन साल बीडकरांनी साचलेलं पाणी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते टँकरच्या तोटीचं, पळतं. तीन पावलं टाकणारी माणसं पहिल्याच पावलाला थांबली. एका बाईनं कडेवरच्या लेकराचं बोट त्यात बुडवलं. कुठूनशी एक चिमणी आली, काठावर बसली, चोच मारून गेली. कुणीच तिला हाकललं नाही. पापडवाली सुद्धा स्टॉल सोडून बघायला आली.

दुपार भरत आली तसा धुळाजी खाली वाकला, आणि त्याला दिसलं. झोळाच्या पोटाला एक थेंब धरत होता. बारीक, पण धरत होता. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. साखराबाई पलीकडे एका गिऱ्हाइकाला लोकर हाताला लावून दाखवत होती. धुळाजी गुमान खाली सरकला आणि बरोबर थेंबाखाली मांडी घालून बसला. नऊ हाताचा पटका डोक्यावर होताच.

थप्. थप्.

मग तो उठला नाही. लोकांनी वाकून बघू नये म्हणून त्यानं तोंड सोडलं. आज्जाच्या घोंगडीत पूर अडवल्याची, घोंगडीतून गोदावरी उतरून गेल्याची अशा गोष्टी सुरू केल्या. लोक हसत उभे राहिले आणि हसता हसता घोंगड्या घेऊ लागले. बबनराव म्हणाला, "आबा, उठा, पाय मोकळे करा." धुळाजी म्हणाला, "गुडघा धरलाय." लघवीला लागली तरी गुडघाच धरलेला होता.

साखराबाईनं भाकरी आणून दिली. त्यानं तुकडा मोडला, तेवढ्यात पटक्याच्या कडेवरून एक थेंब ओघळून टप्पकन भाकरीवर पडला.

"काय व्हं ते?"

"घाम गं. ऊन काय कमी हाय?"

तिनं क्षणभर त्याच्या दिशेनं पाहिलं आणि पाण्याचा गडवा पुढं केला, ज्यात पाणी नव्हतं. ते वर टांगलेलं होतं. दोघंही हसली.

सांजेला टेबलावर कागदी फुलांची माळच उरली. शिवाय आणखी घोंगड्यांच्या मागण्या लिहून घ्यायला बबनरावला पाठकोरे कागद शोधावे लागले. झोळातलं पाणी घागरीत परत ओतलं तेव्हा ती काठाला थोडी कमी भरली, पण बबनराव म्हणाला, "चिमण्यांनी पेलं आसंल." मग साखराबाईपुढं उभा राहून हात जोडले. "मावशी, कुंचा तुमचा. तुमी म्हनाल तवर."

ती रात्रभर बोलत होती, असं धुळाजी सांगतो. आणि तेव्हापासून दहा वर्षांत सोसायटीची एक घोंगडी गळते म्हणून परत आली नाही, हे मात्र बबनरावही सांगतो.

छावणीत धुळाजी आता रंगात आला होता. चिमणी त्यानं कधीच मागं टाकली होती.

"...मग बगळा उतरला! पांढराधोप! एक पाय वर करून उभा राहिला घोंगडीत. मासा घावला त्याला."

"मासा?" बंकट म्हणाला.

"ह्येवढा. टँकरवाला आला पाईप घेऊन, म्हनला आबा, एक खेप भरून द्या, धर्मापुरीला पोचवायची हाय. दिली भरून! आन् ऐका सुग्रीव, समद्यात मोठी गोष्ट. दिवसभरात एक थेंब, एक, खाली गळला न्हाई. साखराच्या हातची खळ व्हती ती!"

"खोटं," साखराबाई म्हणाली.

गाईच्या पाठीवरचा तिचा हात थांबला होता.

"बगळ्याचं म्हनता का, काकू?" सुग्रीव हसला.

"बगळा आसंल बाबा, मला कुठं दिसतंय. पर त्या राती पटका मी पिळलाय. गडवाभर पाणी निगालं. कुठं गळत व्हती तेबी चाचपून काढलं मी, दोन पट्ट्या जोडल्याल्या शिवणीच्या डाव्या अंगाला. तवापासनं शिवण दोन डाव बोटानं चाचपते, मग कुंचा लावते." तिनं धुळाजीकडे तोंड केलं. "आन् भाकरीवर पडला त्यो घाम नव्हता."