'डू नॉट'च्या पुढची दोन टिंबं

परभणीची वर्षाली महाळुंग्याच्या कंपनीत सेफ्टी ट्रेनी म्हणून लागली, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. शाळा मराठी माध्यमाची, डिप्लोमा कसाबसा इंग्रजीतून. परदेशी पाहुणे तपासणीला येणार म्हणून वेल्डिंग रोबोच्या पिंजऱ्यावरची मराठी पाटी काढून इंग्रजी लावायचं ठरलं आणि काम तिच्या गळ्यात पडलं. मूळ मजकूर साधा होता. रोबो चालू करू नका, मेन स्विच बंद करा, पॅनलला कुलूप लावा, मग आत जा. जाड मॅन्युअलांत जागोजागी कोलन दिसायचा, म्हणून तिनंही 'डू नॉट' लिहून पुढे ती दोन टिंबं दिली आणि खाली चालू करणं, मेन बंद करणं, कुलूप लावणं ही तिन्ही कामं मांडली. पाटी रुबाबदार दिसत होती. सकाळी तिनं स्वतःच ती दारावर चिकटवली.

अकराच्या चहाला तिनं पाटीचा फोटो क्वालिटीच्या दिग्विजय सरांना दाखवला. कौतुक होईल असं वाटलं होतं. सरांनी कप खाली ठेवला.

"अगं, कोलनच्या आधी जे लिहितो ते पुढच्या सगळ्या यादीला लागतं. तू लिहिलंयस, रोबो चालू करू नका, मेन बंद करू नका, कुलूपही लावू नका."

वर्षालीनं फोटो पुन्हा वाचला. जुन्या लोकांना सगळं तोंडपाठ होतं, ते पाटी वाचणारच नव्हते. पण सोमवारी कोइम्बतूरहून आलेला इंजिनिअर इंग्रजीच वाचायचा, आणि आज त्याच रोबोच्या सफाईच्या परवान्यावर तिनंच सही केली होती.

ती धावत सुटली. लांबूनच दिसलं, मेनचा दांडा वर होता, म्हणजे वीज चालूच होती. पॅनलला कुलूप नव्हतं. तो इंजिनिअर पोरगा नुसतं स्टॉपचं बटण दाबून आत वाकला होता, डोकं रोबोच्या हाताखाली. पलीकडून ऑपरेटर नवनाथला तो दिसत नव्हता. रोबो का थांबला म्हणून नवनाथ चालू करायच्या बटणाकडे हात नेत होता. ओरडायला वेळ नव्हता. तिनं मेनच्या दांड्यावर अंग टाकलं आणि दांडा खाली ओढला.

तेवढ्यात रोबोचा हात हललाच होता. इंजिनिअरच्या कानापासून वीतभर अंतरावर तो थांबला.

बाहेर आल्यावर तो पांढराफटक पडला होता. पाटी दोनदा वाचून तसंच केलं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. वर्षालीनं चूक माझी, एवढंच म्हटलं.

कुणाला काही लागलं नाही, पाटी बदल आणि विसरून जा, असं दिग्विजय सर म्हणाले. तिला ते पटलं नाही. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या वहीत तिनं सगळं लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं.

नवी पाटी सरांनी शेजारी बसून लिहून घेतली. रोबो चालू करू नका, हे वाक्य वेगळं, पूर्णविरामासकट. आत जाण्यापूर्वी दोन कामं करा, हे पूर्ण वाक्य, मग कोलन, मग ती कामं. मराठी पाटीही परत लागली. वर्षालीचं ट्रेनिंग तीन महिन्यांनी लांबलं. तिनं तक्रार केली नाही.

पुढचे कित्येक दिवस ती कॅन्टीनला लांबच्या दारानं जायची. रोबो चालू झाल्याचा आवाज आला की तिचा घास हातातच राहायचा.