काहीच न करण्याचा प्रकल्प

ऐका ना, धाकटीला नियोजन खात्यात नोकरी लागली तेव्हा सगळ्यात जास्त कोण नाचलं असेल तर तिची ताई! ताई हॉस्पिटलात नर्स. जलद बस टेकडीच्या पायथ्याशी संपते आणि यांची वसाहत वर. म्हणजे दिवसभर पायांवर उभी राहिलेली बाई घरी यायला पुन्हा तो चढ चढणार. घरी आली की बादलीत पाय बुडवून म्हणायची, "आता तू आहेस ना आत? आण बाई ती बस वर!"

आणि योग बघा, धाकटीच्या टेबलावर पहिलंच काम आलं ते हेच. बस टेकडीवर न्यायची, तर पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल! पण तिच्या वाट्याला त्यातलं एकच प्रकरण आलं: काहीच केलं नाही तर काय होईल.

"हे काय असतं, साहेब?"

"नियम आहे," साहेब चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "काहीच न करण्याचाही विचार केला होता, असं दाखवावं लागतं. दोन ओळी खरडा. वाचतंय कोण!"

पण नवी नोकरी, अंगात नुसता उत्साह! धाकटीने जीव ओतला त्यात. झाडं किती तुटणार? शून्य. धूळ? शून्य. आवाज? शून्य. खर्च? तोही शून्य! वर टेकडीवरच्या पाखरांबद्दल असं काही लिहिलं की वाचताना साहेबांचं बिस्किट कपात बुडालं. झाली चार पानं. बसचा भाग मात्र बाहेरच्या सल्लागारांनी लिहिलेला, उशीएवढा जाड.

सुनावणीला समितीचे अध्यक्ष आले. त्यांनी उशी उघडलीच नाही. चार पानं वाचली आणि डोळे भरून आले हो त्यांचे!

"इतका निर्दोष प्रकल्प मी जन्मात पाहिला नाही. मंजूर!"

"काय मंजूर?" साहेब गडबडले.

"काहीच न करणं!"

धाकटी ताडकन उठली. "सर, पण लोक रोज चढ चढतात, त्याचं काय?"

अध्यक्ष कौतुकाने हसले. "चालण्याने धूर होतो का? नाही ना? मग तेही शून्य धरा."

मागच्या रांगेत ताई बसली होती, खास सुट्टी काढून आलेली. ती उठली आणि चालू पडली. घरी अबोला.

खात्यात मात्र आनंदीआनंद! इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातखंडा असलेलं काम मिळालेलं. काहीच न करण्यासाठी वेगळा कक्ष निघाला, फीत कापली, टाळ्या झाल्या. आणि टेकडीवर खरंच काही होत नाहीये ना, हे रोज संध्याकाळी वर जाऊन बघायला प्रकल्पप्रमुख कोण? धाकटी! दिमतीला ड्रायव्हरसकट कोरी करकरीत जीप.

साहेबांनी बजावलं, "बाहेरचं माणूस जीपमध्ये घ्यायचं नाही. घेतलंत की ती वाहतूक झाली. मग आपलं 'काहीच नाही' कुठे राहिलं? नोकरी जाईल, सांगून ठेवतो."

पहिल्याच संध्याकाळी जीप चढाला लागली आणि समोर कोण, तर ताई. एका हातात पिशवी, दुसरा कमरेवर. आवाज ऐकून तिने वळून बघितलं, आत धाकटी दिसली, आणि अशी मान फिरवली म्हणून सांगू!

"काय करायचं, मॅडम?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

धाकटीने फायलीत डोकं खुपसलं. जीप ताईला ओलांडून गेलीसुद्धा. आरशात ताई लहान लहान होत चालली, मध्येच थांबून गुडघा चोळायला लागली, आणि इकडे धाकटी एकदम ओरडली, "अहो थांबवा! मागे घ्या!"

जीप मागे आली. दार उघडलं. ताई हलेना.

"ये ना गं ताई."

"आणि तुझी नोकरी?"

"जाऊ दे गेली तर."

"जाऊ दे म्हणे! मग पोसणार कोण तुला, ती पाखरं?" असं म्हणत ताई चढलीच. बूड टेकायच्या आधीच मागे वळून हाका, "अहो वहिनी! काका! पळा, पळा!" मागून चढणारे शेजारी धावतच आले. कुणाची मांडी, कुणाचं कोपर, कुणाची भाजीची पिशवी. प्रकल्पप्रमुख दाराला चिकटून, अर्धी बाहेर.

"उद्या किती वाजता हो?" मागून काकांनी विचारलं.

धाकटी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "माझी ड्यूटी सुटली की."