बी राहिलेली गाठ

मरुदानल्लूरच्या धर्मशाळेत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धे कुंभकोणम् तिथे लोटले होते. उरलेले अर्धे बैलगाडी मिळाली नाही म्हणून हळहळत होते. 'कत्ती इल्ला स्वामी', म्हणजे सुरीवाचून गाठ कापणारे महाराज, आले होते. आणि त्यांच्यापुढे पालथे पडले होते माझे मेहुणे, पांडुरंगराव.

त्यांच्या कण्यातली गाठ तीन वर्षांपूर्वी मद्रासेच्या डॉक्टरांनी काढली होती. ती पुन्हा वाढली. पाय बधिर होत चालले होते, आणि याच महिन्यात दुसरी शस्त्रक्रिया झाली नाही तर ते कायमचे जातील, असे डॉक्टरांनी बजावले होते. मेहुण्यांनी ठरलेली तारीख रद्द केली आणि इथे आले. मला त्यांचा असा राग आला होता!

स्वामींनी पाठीवर ओला पंचा पसरला आणि बोटे खुपसल्यासारखी केली. लालभडक रक्त वाहिले. मग निघाली एक काळपट, बुळबुळीत गाठ, आणि तिच्यात चक्क बी होती. मला वाटले, आता महाराज पकडले गेले. पण ते पोहोचलेले होते.

"डॉक्टराने गाठ कापली, बी आत ठेवली. म्हणून पुन्हा उगवली. आता जन्मात येणार नाही."

गर्दी गहिवरली. एका वकिलाने बीला नमस्कार केला.

स्वामींनी पंचा वाटीत पिळला, गाठ त्यात टाकली आणि वाटी माझ्या बहिणीच्या, विशालाक्षीच्या हाती दिली. बघता बघता रक्त पिवळे पडले. रक्ताला कावीळ होती, असे स्वामींनी जाहीर केले, आणि लोकांनी तेही मानले. पण घरच्या प्रत्येक लग्नात हळदीत चुना कालवून आरतीचे लाल पाणी विशालाक्षीच करते. तिने गाठ हुंगली.

"रगत नोहे हे. पंच्यास हळद, बोटांस चुना. गाठ म्हणजे रसमाची चिंच. आंबट पडलें, लाली गेली."

मेहुणे पालथे पडूनच चिडले. पाय कसे हलके झालेत ते सांगू लागले. विशालाक्षीने शेजाऱ्याचा गरम कॉफीचा पितळी पेला घेऊन त्यांच्या तळव्याला टेकवला. ते स्वामींचे गुण गातच राहिले.

"वळून पाहा," ती म्हणाली.

त्यांनी पाहिले. गरम पेला तळव्याला टेकलेला होता आणि त्यांना चटका जाणवलाच नव्हता. त्याच आठवड्यात आम्ही मद्रासेची गाडी धरली.

गाठीचा एक भाग मज्जारज्जूला घट्ट चिकटला होता. ओढला असता तर पाय गेले असते, म्हणून डॉक्टरांनी पहिल्या वेळी तो सोडला होता, आणि तोच वाढला. यंदा बराचसा निघाला. मेहुणे आता काठी घेऊन चालतात. पुन्हा येईल का, असे त्यांनी भीत भीत विचारले.

"येऊ शकते. दर सहा महिन्यांनी दाखवून जा," डॉक्टर म्हणाले.

मेहुण्यांना ते आवडले नाही. मला मात्र त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. वाचकहो, जन्माची हमी देणाऱ्याला काहीच तपासायचे नसते. जो स्वतःला काय ठाऊक नाही तेही सांगतो, त्याच्याच हाती आपली पाठ द्या.